मुरुमांची ट्यूब: लावण्याआधी आणि लावल्यानंतर

मेडिकलच्या काउंटरवर मुरुमांची ट्यूब मागायला येणाऱ्या बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते: आज दिसतेय ती पुळी परवापर्यंत जावी. कुणाचा साखरपुडा असतो, कुणाचं गॅदरिंग, कुणाचा कॅम्पस इंटरव्ह्यू. मुरुमांवरची खरी औषधं मात्र आज दिसणाऱ्या पुळीसाठी नसतातच. दीड-दोन महिन्यांनी जी उठणार असते, तिला ती आतल्या आत रोखतात. हे एकदा नीट पटलं की ट्यूब कुठे लावायची, किती लावायची आणि किती दिवस धीर धरायचा, यातलं निम्मं कोडं सुटतं.

मी फार्मासिस्ट आहे, त्वचारोगतज्ज्ञ नाही. निदान डॉक्टरांनी करायचं. पण चिठ्ठीवर 'रात्री लावणे' एवढंच लिहिलेलं असतं. ते कसं लावायचं, हे सांगायला गर्दीच्या ओपीडीत कुणाला वेळ नसतो आणि काउंटरवरही नसतो. हा लेख त्यासाठी.

आत काय चाललेलं असतं

त्वचेतल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी तेल सोडणारी एक ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन हार्मोन्स वाढतात, मुलांमध्ये आणि मुलींमध्येही, आणि या ग्रंथी जोमानं तेल सोडू लागतात. त्याच वेळी रंध्राच्या आतल्या मृत पेशी झडून बाहेर पडायच्या ऐवजी तेलात चिकटून बसतात आणि रंध्राच्या तोंडाशी बूच तयार होतं. बूच उघडं असेल तर वरचा थर काळा पडतो. तोच ब्लॅकहेड. तो काळेपणा मळाचा नसतो, त्यामुळे कितीही घासलं तरी जात नाही. बूच त्वचेखाली झाकलेलं राहिलं तर व्हाइटहेड. आत अडकलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू वाढतात. ते एरवीही आपल्या त्वचेवर राहतातच. शरीर त्यांच्याविरुद्ध उठलं की लालसर, दुखरी, पुवाची पुळी उठते. सूज खोलवर गेली तर गाठ होते, आणि वण राहतात ते मुख्यतः या गाठींचे.

डोळ्यांना दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी हे सूक्ष्म बूच तयार झालेलं असतं. म्हणून ठिपक्याठिपक्यानं फक्त पुळीवर औषध लावणं हा सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात वाया जाणारा प्रकार आहे. जिथे मुरूम येतात तो सगळा भाग औषधाखाली यायला हवा, आज तिथे काही नसलं तरी.

आधी हे मुरूमच आहेत ना, ते बघा

मुरूम एकसारखे नसतात. कुठे ब्लॅकहेड, कुठे लाल पुळी, कुठे जुना डाग, असा मिसळीचा मामला असतो. त्याउलट कपाळावर, छातीवर, पाठीवर एकाच मापाचे बारीक दाणे उठलेत, त्यांना खाज सुटते आणि घाम आला की ते वाढतात, असं असेल तर तो बुरशीचा प्रकार असू शकतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीत, जिममधून घरी जाईपर्यंत तोच घामेजलेला टी-शर्ट अंगावर ठेवणाऱ्या मुलांमध्ये हा दिसतोच. त्यावर अँटिबायोटिक घेतलं तर तो बरा व्हायच्या ऐवजी फोफावतो. त्याला बुरशीवरचं औषध लागतं.

काही औषधांमुळेही पुळ्या येतात: स्टिरॉइडच्या गोळ्या, टीबीवरचं आयसोनियाझिड, फिट्सवरचं फेनिटॉइन, लिथियम, आणि कधीकधी बी-१२ ची इंजेक्शनंसुद्धा. नवं औषध सुरू झाल्यावर अचानक चेहरा भरला असेल तर औषध आपल्या मनानं बंद करू नका, पण ज्यांनी दिलं त्यांना लगेच सांगा.

पहिली पायरी: लावायचं काय हे नंतर, आधी काय थांबवायचं

"काका, मैत्रिणीला दिलीत ना, तीच ट्यूब द्या." ही मैत्रिणीची ट्यूब निम्म्या वेळा स्टिरॉइडची निघते. कुणाला गजकर्णासाठी दिलेली, कुणाला ॲलर्जीसाठी, आणि कुणाला 'गोरं होण्यासाठी' पार्लरमधून मिळालेली. ती लावली की चार दिवसांत लाली उतरते आणि चेहरा तुळतुळीत दिसतो. माणूस खूश होतो आणि ट्यूब संपली की दुसरी आणतो. महिन्या-दोन महिन्यांत त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, नको तिथे लव वाढते, उन्हात चेहरा भाजल्यासारखा होतो. ट्यूब थांबवली की पूर्वी नव्हते इतके मुरूम उसळतात. घाबरून माणूस पुन्हा तीच लावतो, आणि इथून सुटका अवघड होत जाते.

म्हणून घरातली प्रत्येक ट्यूब हातात घ्या, तिच्यावरचं नाव बाजूला ठेवा आणि बारीक अक्षरातला घटक वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन, हॅलोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर ती मुरुमांची ट्यूब नव्हे. 'तीन औषधं एकत्र' असलेली डाग घालवायची क्रीम येते, तिच्यात हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला यांतलंच एक स्टिरॉइड असतं. केंद्र सरकारनं मार्च २०१८ मध्ये त्वचेवर लावायची चौदा स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती किती सहज मिळतात, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं बघतो. असली ट्यूब महिनोन्महिने लावली असेल तर एकटे लढू नका, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ती कशी सोडवायची याची पद्धत असते.

आता घरचे उपाय. सहाणेवर दुधात उगाळलेलं जायफळ आजीच्या हातचं असलं तरी सुजलेल्या पुळीवर त्याची आग होते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर जिथे आग, तिथे मागाहून काळा डाग. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा यांचंही तेच. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे चट्टे उठतात. डाळीचं पीठ आणि हळद त्या मानानं निरुपद्रवी, फक्त रगडू नका. मुलतानी माती क्वचित चालेल, पण कोरड्या पडलेल्या चेहऱ्यावर औषध चालू असताना नको. दाणेदार स्क्रब मात्र फेकून द्या. पुळीवरचं कातडं खरवडून आतलं बूच निघत नाही.

केसांचं तेल हा आपल्याकडचा खास मुद्दा. रात्री चंपी करून झोपलं की तेल कपाळावर उतरतं, उशीच्या अभ्र्यावर जातं आणि तिथून गालाला लागतं. कपाळाच्या वरच्या कडेला, केसांच्या रेषेला लागून बारीक बंद पुळ्या असतील तर आधी तेलाकडे बघा. तेल सोडा असं मी म्हणत नाही, घरात भांडणं नकोत. न्हाण्याच्या तास-दोन तास आधी लावा आणि धुऊन टाका. अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा आणि आतलं अस्तरही धूत जा. रोज तासभर त्याच जागी घासलं गेलं की तिथेच पुळ्या येत राहतात.

आणि फोडू नका. हे सगळे सांगतात, कुणी ऐकत नाही. निदान एवढं करा: फार हात शिवशिवत असेल तर पुळीवर हायड्रोकोलॉइडची छोटी चकती चिकटवून ठेवा. मेडिकलमध्ये पिंपल पॅच म्हणून मिळते. तिचा निम्मा उपयोग बोट लांब ठेवणं हाच आहे.

दुसरी पायरी: तीनच वस्तू

फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. टोनर, सीरम, एसेन्स, शीट मास्क यांची मुरुमांना गरज नाही, आणि औषध चालू असताना ती बहुतेक वेळा अडचणच करतात.

चेहरा दिवसातून दोनदा धुवा, घाम आला तर तिसऱ्यांदा. फेसवॉश सौम्य हवा. धुतल्यावर चेहरा करकरीत ताणल्यासारखा वाटला तर तो तुमच्यासाठी कडक आहे. अंगाचा साबण चेहऱ्याला नको. साधा साबण अल्कली असतो आणि त्वचा किंचित आम्लधर्मी. सारखा साबण लावून तिचं वरचं कवच उघडं पडतं आणि मग कुठलंही औषध झोंबतं. तेलकट चेहरा चारदा-पाचदा धुण्यानं तेल कमी होत नाही. ग्रंथी पाण्याचं ऐकत नाहीत, हार्मोन्सचं ऐकतात.

"तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला?" हा प्रश्न रोज येतो. औषधांनी त्वचा कोरडी पडते, सोलते, चुरचुरते, आणि त्याला वैतागूनच माणूस तिसऱ्या आठवड्यात ट्यूब ड्रॉवरमध्ये टाकतो. मॉइश्चरायझर त्यासाठी. जेल किंवा पातळ लोशन घ्या. 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं असेल तर बरं, म्हणजे रंध्रं बुजवणारं नाही असा कंपनीचा दावा. दावा कंपनीचाच असतो, तेव्हा दोन-तीन आठवडे वापरून आपल्या चेहऱ्यावर खात्री करा.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, जेल किंवा पातळ द्रव स्वरूपातलं. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा ओढल्या की चेहरा आणि मानेपुरतं होतं. बहुतेक लोक याच्या पावपट लावतात आणि उपयोग नाही म्हणतात. मुरुमाची पुळी आठवड्यात बसते, तिचा काळा डाग उन्हामुळे महिनोन्महिने राहतो. डाग फार पडत असतील तर रंगछटा असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन चांगलं. डाग गडद करण्यात डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो आणि साधं सनस्क्रीन त्याला अडवत नाही.

तिसरी पायरी: रात्रीची ट्यूब

सौम्य ते मध्यम मुरुमांच्या उपचाराचा पाया म्हणजे रेटिनॉइड. ही 'अ' जीवनसत्त्वाच्या घराण्यातली औषधं रंध्रातलं बूच तयारच होऊ देत नाहीत. सुरुवातीला बहुधा ॲडॅपॅलीन ०.१ टक्का जेल देतात. ते याच घराण्यातल्या ट्रेटिनॉइनपेक्षा कमी झोंबतं. अमेरिकेत २०१६ पासून ते चिठ्ठीशिवाय मिळतं, आपल्याकडे चिठ्ठी लागते. तिकडे राहणाऱ्या बहिणीनं पाठवलं म्हणून सुरू करणार असाल तरी आधी इथल्या डॉक्टरांना एकदा विचारा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड नको.

लावायची रीत अशी. रात्री चेहरा धुवा, टिपून कोरडा करा, रगडू नका. पंधरा-वीस मिनिटं थांबा, कारण ओल्या त्वचेवर औषध जास्त झोंबतं. मटारच्या एका दाण्याएवढं जेल बोटावर घ्या. एकच दाणा, संपूर्ण चेहऱ्याला. कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी अशा पाच ठिकाणी ठिपके ठेवा आणि मग हलक्या हातानं पातळ पसरवा. पापण्या, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांचे कोपरे सोडा. तिथली कातडी नाजूक असते आणि सगळ्यात आधी तिथेच सोलते. वरून मॉइश्चरायझर. त्वचा फार नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझरचा थर, मग जेल, मग पुन्हा मॉइश्चरायझर.

जास्त लावलं म्हणून लवकर गुण येत नाही, फक्त लवकर सोलतं. याचा पडताळा साध्या हिशोबानं होतो: मटारदाणा म्हणजे साधारण पाव ग्रॅम, तेव्हा १५ ग्रॅमची ट्यूब रोज लावली तरी दोन महिने जायला हवी. पंधरा दिवसांत दुसरी ट्यूब मागायला आलेल्या मुलाचा चेहरा बघायचीही गरज पडत नाही, तो लालबुंद असणार हे ठरलेलं.

पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री लावा. पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड. सोसलं तर पाचव्या आठवड्यापासून रोज. नाही सोसलं तर एक दिवसाआडच चालू ठेवा, त्यानंही काम होतं. फार आग झाली, चेहरा सोलला तर दोन-तीन रात्री नुसतं मॉइश्चरायझर लावा आणि मग पुन्हा सुरू करा. 'मला ॲलर्जी झाली' म्हणून कायमचं बंद करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ॲलर्जी झालेली नसते, घाई झालेली असते. डोळ्यांभोवती सूज, प्रचंड खाज किंवा पाणी सुटणारे चट्टे असतील तर मात्र ती खरी ॲलर्जी समजा, औषध थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पार्लरचं एक लक्षात ठेवा. रेटिनॉइड लावत असताना वरच्या ओठावर किंवा भुवयांजवळ वॅक्सिंग केलं तर मेणाबरोबर कातडीही निघू शकते. वॅक्सिंग-थ्रेडिंगच्या आधी आठवडाभर त्या भागात औषध बंद ठेवा. ब्लीच आणि फेशियलची मालिश या काळात नकोच. लग्न ठरलेल्या मुलींसाठी खास: हे औषध तारखेच्या निदान चार महिने आधी सुरू व्हायला हवं. केळवणं सुरू झाल्यावर नाही.

चौथी पायरी: सकाळचं औषध

लाल, पुवाच्या पुळ्या असतील तर रेटिनॉइडच्या जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड. ते जंतू मारतं आणि जंतू त्याला सरावत नाहीत, हा त्याचा मोठेपणा. २.५ टक्के घ्या. ५ किंवा १० टक्क्यांनी चेहऱ्यावर फारसा जास्त गुण येत नाही, आग मात्र वाढते. पहिल्यांदा जेल लावून पाच मिनिटांनी धुऊन टाका, सवय झाली की ठेवा. छाती-पाठीसाठी याचाच वॉश बरा: आंघोळीत लावायचा, पाच मिनिटं थांबायचं, धुवायचं.

हे औषध कपड्यांचा रंग उडवतं. टॉवेल, उशीचा अभ्रा, शाळेचा गडद गणवेश, सगळ्यावर पिवळट-पांढरे डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. टॉवेल पांढरा ठेवा. ट्यूब तापलेल्या गाडीत किंवा खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. उष्णतेत या औषधातून बेंझीन तयार होऊ शकतं. कपाटात ठेवा, मुदत संपली की टाका. ट्रेटिनॉइन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एका वेळी एकावर एक लावलं तर जुन्या प्रकारचं ट्रेटिनॉइन निकामी होतं, म्हणून एक रात्री आणि एक सकाळी. ॲडॅपॅलीनला ही अडचण नाही. दोन्ही एकत्र असलेलं जेलही मिळतं.

आता आपल्याकडचं सर्वांत खपाऊ जेल: क्लिंडामायसिन, बहुधा निकोटिनामाइडबरोबर. झोंबत नाही, पंधरा दिवसांत फरक दिसतो, म्हणून सगळ्यांचं लाडकं. पण हे अँटिबायोटिक आहे. एकटंच महिनोन्महिने लावत राहिलं की जंतू त्याला जुमानेनासे होतात, आणि मग ते लागू पडेनासं होतं. क्लिंडामायसिन बेंझॉइल पेरॉक्साइडच्या सोबतीनं वापरायचं, तेही साधारण तीन महिनेच. चिठ्ठीवर नुसतं तेच लिहिलेलं दिसलं तर 'याच्या जोडीला काही लागेल का?' एवढं विचारायला संकोचू नका.

ॲझेलेइक ॲसिड हे माझ्या मते आपल्या त्वचेसाठी हवं तितकं वापरलं न जाणारं औषध. १० आणि २० टक्क्यांत मिळतं, मुरूम आणि काळे डाग दोन्हींवर चालतं, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं गरोदरपणातही वापरता येतं. सुरुवातीला काही मिनिटं मुंग्या आल्यासारखं चुणचुणतं, मग थांबतं. २ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश ब्लॅकहेडवाल्यांना बरा. नायसिनामाइडचं (म्हणजे वरच्या निकोटिनामाइडचंच) सीरम लावलं तर बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर मुरूम जातील असं समजू नका.

तीन महिन्यांत काय काय होईल

पहिल्या महिन्यात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसू शकतो. आत तयार असलेली बुचं वर येतात, थोडं सोलतं, घरातले 'कशाला ते केमिकल लावतेस' म्हणतात. निम्मे लोक इथे गळतात. सहाव्या ते आठव्या आठवड्यात नव्या पुळ्या कमी येताहेत असं जाणवू लागतं. औषध लागू पडलं की नाही याचा निकाल बाराव्या आठवड्याच्या आधी लावू नये. आरसा रोज बघून काही कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, बिनफिल्टरचा फोटो काढा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा.

चेहरा साफ झाला की अँटिबायोटिक थांबवायचं, पण रेटिनॉइड चालू ठेवायचं. मुरूम येण्याची प्रवृत्ती वयाबरोबर जाते, ट्यूबबरोबर नाही.

पोटात घ्यायची औषधं

गाठी असतील, पाठ-छाती भरली असेल, खड्डे पडायला लागले असतील, किंवा बारा आठवडे नीट लावूनही फरक नसेल तर गोळ्यांचा विचार होतो, आणि तो फक्त डॉक्टरांनी करायचा.

अँटिबायोटिकमध्ये डॉक्सीसायक्लिन जास्त दिलं जातं, साधारण तीन महिन्यांपर्यंत, आणि सोबत लावायची औषधं चालूच ठेवायची असतात. ही कॅप्सूल जेवणानंतर, बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नका. दोन घोट पाण्याबरोबर गिळून लगेच झोपलेल्या माणसाच्या अन्ननलिकेत ती अडकते आणि तिथे जखम करते. मग दोन दिवस आवंढासुद्धा गिळवत नाही. लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांपासून दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. ऊन जास्त बाधतं. गरोदरपणात आणि लहान मुलांना देत नाहीत.

आयसोट्रेटिनॉइन, म्हणजे पोटात घ्यायचं रेटिनॉइड, हे मुरुमांवरचं सर्वांत प्रभावी औषध. त्यानं तेलग्रंथीच आक्रसतात, आणि अनेकांना एका कोर्सनंतर पुन्हा उपचार लागत नाहीत. पूर्वापार हिशोब असा की पूर्ण कोर्समध्ये वजनाच्या दर किलोला १२० ते १५० मिलिग्रॅम औषध पोटात जावं. ६० किलोच्या माणसाला किमान ७२०० मिलिग्रॅम झाले. रोज २० मिलिग्रॅमनं ते व्हायला ३६० दिवस लागतात. म्हणजे दोन महिन्यांत चेहरा चकाकला म्हणून सोडणारा माणूस परत का येतो, ते कळेल. डोस किती आणि किती काळ, हे अर्थात डॉक्टर तुमच्याकडे बघून ठरवतात, आणि आपल्याकडे कमी डोसवरही पुष्कळांना ठेवतात.

पण याच गोळीनं गर्भात गंभीर व्यंगं होतात. एखाद-दुसऱ्या गोळीनंही धोका असतो. सुरू करण्याआधी गर्भधारणा नाही याची चाचणी, आणि आधी एक महिना, कोर्सभर आणि संपल्यावर आणखी एक महिना खात्रीचं गर्भनिरोधन लागतं. लग्न व्हायचं असलेल्या मुलीलाही डॉक्टरांनी हे विचारायला हवं आणि तिनं न लाजता खरं सांगायला हवं. आई शेजारी बसली असेल तर डॉक्टरांकडे एकटीनं बोलायला दोन मिनिटं मागा, ते तुमच्या हक्काचं आहे. कोर्समध्ये आणि नंतर महिनाभर रक्तदान करायचं नाही, मुलांनीही नाही, कारण ते रक्त गरोदर बाईला जाऊ शकतं. यकृत आणि चरबीच्या रक्ततपासण्या होतात. गोळी पोटभर जेवणाबरोबर घ्यावी लागते, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. ओठ प्रत्येकाचे फुटतात, व्हॅसलिन खिशात ठेवा. 'अ' जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्या आणि डॉक्सीसायक्लिन यासोबत चालत नाही. मन उदास राहू लागलं, किंवा डोकं प्रचंड दुखून अंधुक दिसू लागलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. भावाच्या उरलेल्या पाकिटातली गोळी बहिणीला देणं हा या सगळ्यातला सर्वांत धोकादायक प्रकार आहे, आणि तो घडतो.

पंचविशी उलटल्यावर जबड्याच्या कडेला आणि हनुवटीवर दुखऱ्या गाठी येतात, पाळी ३५ दिवसांच्या पुढे जाते, हनुवटीवर राठ केस उगवतात, अशा वेळी पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोन्सचा बिघाड) आहे का ते तपासून घ्या. तिथे हार्मोनच्या गोळ्या किंवा अँड्रोजेनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन लागतं. गुण दिसायला तीन ते सहा महिने जातात. स्पायरोनोलॅक्टोन पुरुषांसाठी नाही.

डाग वेगळे, खड्डे वेगळे

बोट फिरवून बघा. सपाट लागलं आणि रंग काळपट असेल तर तो डाग, तो काही महिन्यांत फिका होतो. सनस्क्रीन, ॲझेलेइक ॲसिड आणि तेच रेटिनॉइड त्याला हातभार लावतात. खोलगट लागलं तर तो खड्डा, आणि जगातली कुठलीही क्रीम तो भरून काढत नाही. त्यासाठी सबसिजन (सुईनं खड्ड्याखालचे धागे सोडवणं), मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं), लेझर असे उपचार आहेत. पण नवे मुरूम थांबल्यावरच, कारण चालू मुरुमांत केलेला खर्च पाण्यात. छाती, खांदे, जबडा इथे वण फुगून वर आला तर तो केलॉइड, तो लवकर दाखवलेला बरा.

खाण्यापिण्याचं थोडक्यात

वडा-भजी आणि 'अंगातली उष्णता' यांच्यावर जेवढा दोष जातो तेवढा पुरावा नाही. पोट साफ नसणं आणि मुरूम यांचाही थेट संबंध दाखवता येत नाही. गोड, मैदा, कोल्ड्रिंक असं झपाट्यानं साखर वाढवणारं खाणं आणि काही जणांमध्ये दूध, विशेषतः साय काढलेलं, यांचा संबंध बऱ्यापैकी दिसतो. व्हे प्रोटीन (दुधापासून केलेली पावडर) घेणाऱ्या जिमवाल्यांनी ते दोन महिने बंद करून बघावं. फुकटचा प्रयोग आहे.

डॉक्टरांकडे जाताना

'स्किन क्लिनिक' अशी पाटी असली म्हणजे आत त्वचारोगतज्ज्ञ असतीलच असं नाही. एम.डी. किंवा डी.एन.बी. त्वचारोग, किंवा डी.डी.व्ही.एल. अशी पदवी बघा. कॉस्मेटॉलॉजीचा अल्प मुदतीचा कोर्स म्हणजे ती पदवी नव्हे. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभाग असतो, तिथल्या ओपीडीतही मुरुमांचे उपचार होतात. रांग असते एवढंच.

जाताना चेहऱ्यावर आतापर्यंत लावलेलं सगळं एका पिशवीत घालून न्या, पार्लरची बिननावाची डबीसुद्धा. तीच डबी लपवायचा मोह सर्वांत जास्त होतो आणि डॉक्टरांना बघायची असते तीही तीच. पोटातल्या चालू गोळ्या, प्रोटीनचा डबा, शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि महिन्या-महिन्याचे फोटो सोबत असू द्या. मेकअप करून जाऊ नका. निघण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: यातलं कुठलं औषध सगळ्या भागाला लावायचं, कुठलं किती दिवसांनी थांबवायचं, आणि आग झाली तर फोन करायचा की नुसतं एक दिवसाआड करायचं.